बँक उघडायच्या आधी

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठल्याही परगावी गेलं की आधी तिथली बँक दिसते. देवळाचा कळस, नदीचा घाट, बाजारपेठ हे सगळं मागाहून. आमच्या घरात या सवयीची यथेच्छ चेष्टा होते. गेल्या पावसाळ्यात मुलीकडे जपानला गेलो आणि तिथून हिरोशिमाला जायचं ठरलं, तेव्हा पत्नीनं बजावलं होतं, ''तिथं तरी बँक शोधत बसू नका.'' मी खरोखरच शोधली नाही. ती आपण होऊन समोर आली. शांतता स्मारक संग्रहालयात, काचेच्या आड, तीन-चार दगडी पायऱ्यांच्या रूपात.

सुमितोमो बँकेच्या हिरोशिमा शाखेच्या दारातल्या त्या पायऱ्या. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी कुणीतरी त्यांवर बसलेलं होतं. बँक उघडायला अवकाश होता. सव्वाआठ वाजता शहराच्या वर सुमारे ६०० मीटर उंचीवर बॉम्ब फुटला. तो ज्या जागेच्या डोक्यावर फुटला तिथून ही पायरी जेमतेम २६० मीटर. त्या उष्णतेनं दगड भाजून पांढुरका पडला. मात्र जिथं ते माणूस टेकलेलं होतं तेवढी जागा काळसर राहिली. १९७१ साली शाखेची नवी इमारत बांधायच्या वेळी तेवढा भाग कापून काढून संग्रहालयाला दिला गेला. आता ती सावली बरीच फिकटली आहे. पहिल्यांदा तर मला ती दिसलीच नाही. नातीनं बोट करून दाखवली. ते माणूस कोण होतं हे ठरलेलं नाही. काही घरांनी 'आमचं असावं' असं सांगितलं, पण खात्रीनं ओळख पटलेली नाही.

लोक त्या काचेपुढं थांबतात, हळहळतात आणि पुढे जातात. मला पुढे जाता येईना. कारण ते माणूस कोण, हे मला माहीत होतं. म्हणजे नाव माहीत नव्हतं. पण बँक उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसणारं माणूस मला पक्कं ठाऊक आहे.

मी एका तालुक्याच्या गावी मॅनेजर होतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला आमचे पेन्शनर साडेसातपासूनच येऊन बसत. बँक उघडायची दहाला. ऊन चढेपर्यंत पायऱ्यांवर दाटी होई. कुणी पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल कमरेला असं जपून आणलेलं. एक आजी तर पहिल्या पायरीच्या डाव्या कोपऱ्याला पाठ टेकूनच बसायच्या. तो कोपरा त्यांचा. लवकर येऊन काम लवकर होत नाही, टोकन दहा वाजताच मिळतं, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. त्या नुसत्या हसायच्या. एका वर्षी आमचे वरचे साहेब तपासणीला यायचे होते. मी शिपायाला सांगितलं, ''पायऱ्या मोकळ्या कर. गिचमिड दिसायला नको.'' त्यानं सगळ्यांना समोरच्या चिंचेखाली पाठवलं. साहेब आले, स्वच्छ पायऱ्या पाहून गेले. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी शाखेच्या टापटिपीबद्दल चांगला शेरा होता.

हे सगळं हिरोशिमाच्या त्या अंधाऱ्या दालनात आठवेल असं वाटलं नव्हतं. युद्ध, अणुबॉम्ब, महासत्ता असल्या मोठ्या गोष्टी मनात घेऊन गेलो होतो, आणि आठवला तो चिंचेखाली पाठवलेला आजींचा कोपरा.

तोक्योहून नोझोमी गाडीनं चार तासांत हिरोशिमा येतं. स्टेशनाबाहेर ट्राम उभी. ज्यांनी मुंबईची ट्राम आईवडिलांच्या बोलण्यातून ऐकली, त्यांना ट्राममध्ये बसायचं निराळंच अप्रूप असतं. शहर मोकळं, नद्यांचं. ओता नदीचे फाटे शहरातून समुद्राकडे जातात आणि पूल संपला की दुसरा पूल येतो. रस्त्याच्या कडेला कण्हेरी फुललेल्या. आपल्याकडे देवाच्या परडीत असते तीच. बॉम्ब पडल्यावर इथं पंचाहत्तर वर्षं गवताचं पातं उगवणार नाही असं बोललं जात होतं, आणि कण्हेर आपली लवकरच फुलली. पुढे १९७३ साली ती शहराचं फूल म्हणून ठरवण्यात आली. आपण महामार्गांच्या दुभाजकावर कण्हेर लावतो, कारण तिला गुरं खात नाहीत आणि धुरानं ती मरत नाही. कुठल्या झाडाचा मान कुठं होईल, सांगता येत नाही.

ट्राममधून उतरलं की समोर तो घुमट. चित्रांतून, टपालाच्या तिकिटांवर पाहिलेला. यान लेटझेल नावाच्या चेक वास्तुशिल्पकारानं आखलेली, १९१५ साली पुरी झालेली ही इमारत मुळात प्रांतातल्या मालाच्या प्रदर्शनाची. बॉम्ब जवळजवळ डोक्यावरच फुटल्यामुळे भिंती सरळ खाली दाबल्या गेल्या आणि काही उभ्या राहिल्या. हे अवशेष ठेवावेत की पाडावेत यावर गावात कैक वर्षं वाद होता. रोज कामावर जाताना हेच बघायचं का, असं म्हणणारी माणसं तिथलीच होती, पोळलेली होती. त्यांना चूक म्हणायचा आपल्याला काय अधिकार? अखेर १९६६ साली नगर परिषदेनं जतनाचा ठराव केला आणि १९९६ मध्ये घुमट जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या निर्णयापासून अमेरिकेनं स्वतःला वेगळं ठेवलं आणि चीननंही आक्षेपाचा सूर लावला. एका पडक्या इमारतीचं नाव यादीत घालायचं तरी केवढा हिशेब असतो!

हिशेबावरून आठवलं, आकडा सांगायला हवा. शहरात त्या दिवशी साधारण साडेतीन लाख माणसं होती. १९४५ संपेपर्यंत त्यांतली सुमारे १ लाख ४० हजार गेली. या आकड्यात दहा हजार इकडे किंवा तिकडे असू शकतात, असं शहरच सांगतं. मी तो फलक वाचला आणि माझ्यातला जुना अधिकारी थबकला. आमच्याकडे दिवसाअखेरीस एक रुपया चुकला तर सगळी शाखा रात्री नऊपर्यंत थांबायची. इथं दहा हजारांचा फरक आहे, तो फरक माणसांचा आहे आणि तो कधीही जुळणार नाही. जुळवायला ज्यांना विचारायचं, ते पूर्ण मोहल्लेच्या मोहल्ले कागदपत्रांसकट जळाले.

संग्रहालयात आकडे फार नाहीत, वस्तू आहेत. एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा आहे. आतलं अन्न कोळसा झालेलं. बॉम्बहल्ल्यांची आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर त्या सकाळी शाळांतली मुलं लावलेली होती, बारा-तेरा वर्षांची. त्या कामावरची सुमारे सहा हजार मुलं गेली. एक तीनचाकी सायकल आहे. तिच्यावर खेळणारा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. बापानं सायकल त्याच्याबरोबर अंगणात पुरली, आणि चाळीस वर्षांनी, १९८५ साली, उकरून काढून संग्रहालयाला दिली. त्या चाळीस वर्षांत बाप त्या अंगणात काय काय करत असेल, याचा विचार मी करायला लागलो आणि मग सोडून दिला. कादंबरी लिहिणाऱ्या माणसानं सगळीकडे डोकं घालू नये.

नात दहा वर्षांची. तिला तिच्या शाळेत कागदाचे करकोचे करायला शिकवलेलं आहे, आणि सादाको सासाकीची गोष्ट तिला माझ्याहून चांगली ठाऊक होती. बॉम्ब पडला तेव्हा सादाको दोन वर्षांची. वाचली, वाढली, शाळेत पळण्यात पहिली. १९५५ साली रक्ताचा कर्करोग निघाला. हजार करकोचे केले की इच्छा पुरी होते, या समजुतीनं ती रुग्णालयात औषधांच्या पुड्यांच्या कागदांना घड्या घालत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ ला ती गेली. बारा वर्षांची होती. तिच्या वर्गातल्या मुलांनी देशभर वर्गणी गोळा केली आणि १९५८ साली बागेत मुलांचं स्मारक उभं राहिलं. गोष्टीच्या पुस्तकात तिचे हजार करकोचे पुरे होत नाहीत, मैत्रिणी ते पुरे करतात. प्रत्यक्षात तिनं स्वतःच हजाराचा आकडा ओलांडलेला होता.

हे कळल्यावर नात गप्प झाली. पिशवीत आणलेले तीस-पस्तीस करकोचे तिनं स्मारकापाशी ठेवले, पण परतताना म्हणाली, ''आजोबा, हजार करूनही ती बरी झाली नाही, तर मग गोष्टीत खोटं का लिहिलं?'' मुलगी माझ्याकडे बघायला लागली, बापलेखक काय उत्तर देतो म्हणून. मी सांगितलं, ''गोष्ट लिहिणाऱ्याला खरं सहन झालं नसेल.'' तिला ते पटलं नाही. मलाही फारसं पटलेलं नव्हतं.

पाऊस भुरभुरत होता. छत्र्या उघडून आम्ही स्मृतिशिलेकडे गेलो. केंझो तांगे या वास्तुशिल्पकाराची ही सारी आखणी. घोड्याच्या खोगिरासारखी वळलेली काँक्रीटची कमान, तिच्याखाली दगडी पेटी. कमानीतून पाहिलं की मधे १९६४ पासून तेवत असलेली ज्योत आणि तिच्या मागे, सरळ रेषेत, घुमट. जगातली शेवटची अण्वस्त्रं जातील त्या दिवशी ही ज्योत विझवायची आहे. सध्या नऊ देशांकडे मिळून बारा हजारांच्या आसपास आहेत. ज्योतीचा कारभार बघणाऱ्यांना गॅसचा करार दीर्घ मुदतीचा करायला हरकत नाही.

पेटीच्या दर्शनी बाजूला एक ओळ कोरलेली आहे. आशय असा की, शांतपणे झोपा, चूक पुन्हा होणार नाही. १९५२ साली हिरोशिमा विद्यापीठातले प्राध्यापक सायका तादायोशी यांनी ती लिहिली. मुलीनं जपानीतून समजावून सांगितलं, ''बाबा, यात कर्ताच नाही. चूक कुणाची, ते येत नाही.''

मला हसू आलं, आणि अशा जागी हसू आल्याची लाजही वाटली. पण जे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा वाचलं, दोन-चारदा लिहिलंही, तेच इथं दगडावर होतं. चुकीची नोंद पडली, कॅश कमी आली की कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवायचा. खुलासा ठरलेला: 'सदर चूक अनवधानाने झाली असून यापुढे अशी चूक होणार नाही.' पाहा बरं, यात चूक करणारा कुठे आहे? चूक 'झाली'. आपली मराठीही या बाबतीत जपानीइतकीच सोयीची. काच फुटते, दूध उतू जातं, ग्लास हातातून पडतो. फोडणारा, उतू घालवणारा, पाडणारा वाक्याबाहेर उभा.

या कर्त्यावरूनच एका भारतीयानं इथं वाद उभा केला होता. तोक्योच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात आपले राधाविनोद पाल न्यायाधीश होते. विजेत्यांनी पराभूतांचा न्याय करणं हाच न्याय नव्हे, अशी भूमिका घेऊन सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं भिन्नमत त्यांनी १९४८ साली दिलं. १९५२ च्या नोव्हेंबरात ते हिरोशिमाला आले, ही ओळ त्यांनी समजून घेतली आणि विचारलं, चूक कुणाची म्हणता? बॉम्ब काही जपान्यांनी टाकलेला नाही. सायका यांचं उत्तर होतं की, वाचणारा प्रत्येक जण या वाक्याचा कर्ता आहे. चूक माणसाची आहे. वाद अनेक वर्षं चालला. शेवटी शहरानं शेजारी खुलाशाचा फलक लावला.

इतकी वर्षं मी पालसाहेबांच्या बाजूचा होतो. आपला माणूस, परक्या दरबारात एकटा उभा राहिलेला. कुठल्या भारतीयाला अभिमान वाटणार नाही? आणि त्यांचा प्रश्न कायद्याच्या अंगानं चोखच आहे. टाकणाऱ्याचं नाव न घेता चूक कबूल करायची, ही मेलेल्यांनीच माफी मागितल्यासारखी गोष्ट झाली. पण त्या दिवशी पावसात उभं राहून वाटलं, त्यांच्या निकालाचा पुढे जपानमध्ये जो वापर झाला, तोही पाहायला हवा. जपानी सैन्यानं अनन्वित अत्याचार केले, हे पाल यांनी नाकारलेलं नव्हतं. तेवढा भाग गाळून त्यांचं नाव मिरवणारी मंडळी तिथं आहेत. २००५ साली यासुकुनी देवस्थानात त्यांचं स्मारकही झालं. आणि आपल्याच अंदमानात, १९४२ ते १९४५ या जपानी अमलात, काय झालं? ३० जानेवारी १९४४ रोजी हम्फ्रीगंजला ४४ जणांना हेर ठरवून एका दिवशी गोळ्या घातल्या. त्या माणसांचं खातं कुठल्या शाखेत आहे?

हिरोशिमाच्या वहीतही सगळ्यांना लगेच जागा मिळाली नव्हती. मजुरीला आणलेले, आणवलेले कोरियन या शहरात हजारोंनी होते आणि तेही त्याच सकाळी गेले. त्यांचं स्मारक १९७० मध्ये झालं, पण बागेच्या हद्दीबाहेर, नदीपलीकडे. ते आत यायला १९९९ साल उजाडलं. शांततेच्या बागेलाही कुंपण असतं आणि कुंपणाला दार.

वहीचा विषय निघालाच आहे, तर माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेली गोष्ट सांगतो. त्या दगडी पेटीत नावांच्या वह्या आहेत. बॉम्बच्या झळीतून वाचलेलं कुणी त्या वर्षात वारलं की ते नाव ब्रशनं, हातानं वहीत लिहिलं जातं आणि दर ६ ऑगस्टला नव्या नावांसह वही पेटीत जाते. शंभराच्या वर खंड झाले आहेत, नावं साडेतीन लाखांच्या आसपास. दर वर्षी मे महिन्यात वह्या बाहेर काढतात, पानं उलगडून त्यांना वारा देतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पोथ्यांना ऊन दाखवायची चाल होती, तसंच. आणि या वह्यांत एक कोरी आहे. ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी. घरच्या घर गेलं, शेजारही गेला. नाव सांगायला उरलं कोण?

बँकेत ज्या रकमेचा धनी कळत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. सस्पेन्स खातं वाढलं की ऑडिटर अंगावर येतो. लवकर निकाली काढा, म्हणतो. इथल्या त्या कोऱ्या वहीला दर मे महिन्यात ऊन-वारा देतात आणि परत जपून ठेवतात. माझ्या साऱ्या नोकरीत मला कोऱ्या पानाबद्दल असा आदर वाटल्याचं आठवत नाही.

आता एक व्हाउचर. हे सांगावं की नाही, याचा विचार लेख लिहायला बसल्यापासून करतो आहे.

११ मे १९९८, बुद्धपौर्णिमा. पोखरणला स्फोट झाले, १३ तारखेला आणखी झाले. बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाखेत शिपायाला बोलावून दोन किलो पेढे आणायला सांगितले. काउंटरवर, आलेल्या ग्राहकांना, पायऱ्यांवरच्या पेन्शनर मंडळींना, सगळ्यांना पेढा दिला. त्या आजींनाही. त्यांनी विचारलं, ''कशाचा?'' शिपाई म्हणाला, ''आपल्या देशानं बॉम्ब फोडला.'' त्यांनी पेढा कपाळाला लावून तोंडात टाकला. नको म्हणणारा एकही निघाला नाही. इथं एखादा विचारी मास्तर उभा करून त्याच्या तोंडी चार शहाणपणाची वाक्यं घालण्याचा मोह कादंबरीकाराला होतो. पण तसा कुणी नव्हता. पेढ्यांचा खर्च किरकोळ खर्चाखाली टाकला. व्हाउचरवर सही माझी.

सतरा दिवसांनी, २८ मेला, पाकिस्ताननं चगाईच्या डोंगरात स्फोट केले. तिथंही रस्त्यांवर मिठाई वाटली गेली. वर्तमानपत्रातला तो फोटो पाहून मी म्हणालो होतो, ''काय ही माणसं!''

गैरसमज नको. देशाकडे अण्वस्त्रं असावीत की नसावीत, यावर मी एका सहलीनं मत बदलून आलेलो नाही. शेजारी दोन बाजूंना दोन अण्वस्त्रधारी असताना आपण हात बांधून बसावं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांच्यावर जबाबदारी असते त्यांना कडू निर्णय घ्यावे लागतात. तो निर्णय तसा होता असं मी आजही मानतो. पण कडू औषध घ्यावं लागलं म्हणून कुणी पेढे वाटतं का? बंदुकीचा परवाना काढावा लागतो, त्याचं बारसं करत नाहीत. त्या डब्यापुढं, त्या सायकलीपुढं उभं असताना मला ती सही आठवली आणि 'सदर चूक अनवधानाने झाली' असं म्हणायची सोय राहिली नाही. अनवधान नव्हतं. चांगलं अवधान होतं, खिशात पेन होतं.

आपल्याला मरणारी माणसं दिसत नाहीत, चकाकणाऱ्या वस्तू दिसतात, हे काही पोखरणपासूनचं नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि रिझर्व्ह बँकेसाठी आलेलं सोनं. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान परत आले नाहीत. त्यांच्यासाठी १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे. पण लहानपणी आमच्या घरी ही हकिकत निघायची ती अशी: सोन्याच्या विटा आकाशातून पडल्या, कुणाच्या घराच्या छपरातून आत आल्या. मी ती गोष्ट कितीदा रंगवून सांगितली आहे! बँकेत लागल्यावर तर अधिकारवाणीनं सांगायचो. गोदीतल्या हमालांची नावं कुणी कुठल्या वहीत लिहिली, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. मुंबईकर मुलांच्या शाळेच्या सहली भायखळ्याच्या त्या स्मारकाला जातात का? हिरोशिमाच्या बागेत आम्ही तासाभरात चार-पाच शाळांची मुलं पाहिली. पिवळ्या टोप्या, हातात वह्या, काहींचं लक्ष होतं, काहींचं नव्हतं, दोघं मागे मारामारी करत होते. तसंच असावं. वर्ष-दोन वर्षांनी त्यांतल्या एखाद्याला काहीतरी आठवेल.

आणि घाई आहे. बॉम्बची झळ लागून वाचलेली, सरकारदप्तरी नोंद असलेली माणसं २०२५ मध्ये प्रथमच एक लाखाच्या खाली आली. त्यांचं सरासरी वय ८६. त्यांच्या संघटनेला, निहोन हिदान्क्योला, २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा ते घ्यायला आलेली मंडळी ऐंशी-नव्वदीतली होती. आणखी काही वर्षांनी 'मी पाहिलं' म्हणणारं कुणी उरणार नाही. मग डबा, सायकल आणि पायरी यांनाच बोलावं लागेल, आणि पायरीवरची सावली तर फिकट होते आहे.

दुपारी जेवायला ओकोनोमियाकी घेतली. पिठाचं धिरडं, त्यावर ढीगभर कोबी, शेवया. मांस-अंडं वगळून करून दिली, म्हणून पत्नीलाही चालली. युद्धानंतरच्या टंचाईत पीठ आणि कोबी एवढ्यावर भागवताना हा प्रकार इथं रुजला म्हणे. ती म्हणाली, ''आता घरी जायचं ना?'' मी म्हणालो, ''एक बँक राहिली आहे.'' तिनं कपाळाला हात लावला.

बँक ऑफ जपानची हिरोशिमा शाखा. इमारत १९३६ सालची, बॉम्बच्या जागेपासून ३८० मीटरवर. १९९२ पर्यंत इथं बँक चालत होती. आता इमारत पाहायला खुली आहे. आत पाऊल टाकलं आणि नाकाला जुना वास आला, दगडी फरशीचा आणि बंद लोखंडाचा. उंच छत, लांबच लांब काउंटर. तळघरात तिजोरी. तिचं दार पाहून मी हात पुढे केला आणि मागे घेतला. दोन किल्ल्या दोघांकडे असल्याशिवाय तिजोरीला हात लावायचा नाही, हे अंगात मुरलेलं.

त्या सकाळी खालच्या दोन मजल्यांच्या खिडक्यांची लोखंडी झापं बंद होती, कारण बँक अजून उघडायची होती. म्हणून आतला भाग पुष्कळसा वाचला. तिसऱ्या मजल्यावरची उघडी होती, तो जळाला. माणसं दोन्हीकडे मेली. तिजोरी शाबूत राहिली. आणि दोन दिवसांनी, ८ ऑगस्टला, ही बँक उघडली. बाहेर प्रेतं उचलायची होती, नद्यांमध्ये माणसं तरंगत होती, आणि इथं काउंटर सुरू झाले. गावातल्या ज्या बँकांच्या इमारती उरल्या नव्हत्या त्यांनाही याच दालनात एकेक खिडकी दिली. छत फुटलेलं, पाऊस आला की आत छत्र्या उघडून काम. पैसे काढायला येणाऱ्यांकडे पासबुक नव्हतं, सहीच्या जागी चालणारा शिक्काही नव्हता. घरच जळालेलं, तिथं शिक्का कुठला! खातेदार सांगेल ते ऐकून, अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे दिले.

हे मी नातीला मराठीत समजावून सांगत होतो. ती मन लावून ऐकत होती. घुमटापेक्षा तिला हे जास्त आवडलेलं दिसलं. पाच वाजत आले, पहारेकऱ्यानं वाकून बंद होण्याची वेळ झाल्याचं सुचवलं. बाहेर पाऊस वाढला होता. आम्ही चौघं दाराशी पायऱ्यांवर थांबलो.

''आजोबा,'' ती म्हणाली, ''तुमच्या बँकेत कुणी असं पासबुक नसताना आलं असतं, तर तुम्ही दिले असते पैसे?''

खोटं सांगायचं नाही, असं सकाळीच ठरलं होतं.

''नाही,'' मी म्हणालो. ''मी आधी हेड ऑफिसला विचारलं असतं.''

''मग यांनी कुणाला विचारलं?''

समोरून ट्राम येताना दिसली. पत्नीनं छत्री उघडली, मुलगी ''चला, चला'' म्हणाली, आणि आम्ही पावसातून रस्ता ओलांडला.